कोनाड्यातला पेला

वैशाखातली सकाळ होती. ऊन अजून ओट्यावर चढलं नव्हतं. धर्मराज सुपात तुरीची डाळ घेऊन खडे निवडत बसला होता. तेवढ्यात शेजारच्या संध्या मॅडम किल्ली घेऊन आल्या.

"काका, आम्ही जाफराबादला निघालो. आईचं एक अंग लुळं पडलंय. कधी परत येऊ, सांगता येत नाही."

"जा, जा. घराची काळजी करू नका."

"घराची नाही हो काका," मॅडम जरा थांबल्या. "साक्षीची पेटी आहे ना... तिच्याकडे तेवढं बघाल?"

धर्मराजाचा हात सुपातच थांबला.

साक्षी ही संध्या मॅडमची आणि राजानंद सरांची एकुलती एक लेक. दोघंही शाळेत शिकवायचे. पोरगी कॉलेजात जायला लागली होती आणि मागच्या पावसाळ्यात डेंग्यूच्या तापानं गेली. जालन्याच्या त्या वस्तीत दोन्ही घरांची भिंत एकच होती. त्या रात्री भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं नव्हतं, आणि तेच धर्मराजाला जास्त लागलं होतं.

आतून उषाबाई चहा घेऊन आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, चौकटीला हात लावत लावत त्या चालायच्या. धर्मराजाचा चहा कपबशीत होता. मॅडमचा कागदी कपात. ते कागदी कप उषाबाई फडताळात वेगळे ठेवत. कशासाठी, ते कोणी बोलत नसे.

"नको काकू, जीप उभी आहे," मॅडम हसून म्हणाल्या.

धर्मराजानं डाळीतला नसलेला खडा उचलून फेकला.

मॅडमनी त्याला घरात नेऊन सगळं दाखवलं. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून काचेची लांब पेटी होती. आत पाणी आणि पाण्यात नुसती झाडं. पेटीवर एक ट्यूब.

"मासे कुठं हायेत?"

"मासे नाहीतच काका. तिला मासे नको होते. म्हणायची, मला पाण्यातलं रान करायचंय." मॅडमनी ट्यूब लावली. "भर दुपारी ही लावायची, दिवस मावळताना बंद करायची. झाडांना रोज ठरल्या वेळेला उजेड लागतो. ऊन फार आहे, पाणी आटतं. स्वयंपाकघरात निळा ड्रम भरून ठेवलाय, नळाचं पाणी आहे. त्यातलंच तांब्या-तांब्यानं घालायचं. बोअरचं बिलकुल नाही. आपल्याकडचं बोअरचं खारं, या झाडांना सोसत नाही. पानं विरघळून जातात."

"बराबर," धर्मराज म्हणाला.

"तिनं लावलेलं तेवढंच राहिलंय, काका."

किल्ली त्यानं कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली.

त्या पेटीच्या तळाला जी माती होती, ती धर्मराजाच्याच शेतातली. हसनाबादला त्याचं रान होतं, आता दुसऱ्याला बटईनं कसायला दिलेलं. साक्षी एकदा ओट्यावर येऊन म्हणाली होती, "काका, तुमची काळी माती द्या ना थोडी. खताशिवायची." त्यानं हौसेनं पोतंभर आणून दिली. पोरीनं ती गच्चीवर भिजवली, वाळवली, पुन्हा भिजवली, काड्याकचरा तरंगला तो काढून टाकला. मग पेटीत खाली माती आणि वर वाळूचा जाड थर. वाळू नसली तर माती उठते आणि सगळं गढूळ होतं, हे तिनंच त्याला समजावून सांगितलं होतं. लांब पातीचं गवत तिनं घाणेवाडीच्या तलावातून आणलं होतं, बाकीची झाडं कुठून कुठून मागवलेली.

माती मागितली तेव्हा त्यानं दिली होती. पाण्याची गोष्ट वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं कुलूप काढलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. गल्लीत कुत्रंही नव्हतं. आत मात्र पडदे ओढलेले, दारं लावलेली, त्यामुळे उन्हातून आलेल्या डोळ्यांना काहीच दिसेना. वास आला तो ओल्या मातीचा. पेरणीच्या आधी रानाला येतो तसा. बंद घरात, शहराच्या वस्तीत, तो वास कोणी हाक मारल्यासारखा आला.

त्यानं चाचपडत बटण दाबलं. ट्यूब दोनदा फडफडली आणि पेटी उजळली.

खोलीत दुसरा उजेड नव्हता. तेवढी हिरवी पेटी अंधारात टांगल्यासारखी दिसत होती. तो समोर खुर्चीवर बसला. थोड्या वेळानं पानांच्या कडांवर बारीक बुडबुडे धरू लागले आणि मोत्यांच्या सरीसारखे वर निघाले. उजेड मिळाला की झाडं श्वास सोडतात, असं साक्षी म्हणायची. सगळं रान सावकाश श्वास सोडत होतं.

आणि एक आवाज येत होता. घुट... घुट...

पेटीला एक बाटली जोडलेली त्याला माहीत होती. साखर आणि खमीर घालून ठेवायचं, त्याची हवा नळीनं पाण्यात जाते, झाडांना ती लागते. तिचाच आवाज असेल, असं त्याला वाटलं. पाणी घातलं, उठला, आणि उठता उठता त्याची नजर पेटीच्या डाव्या कोपऱ्यात गेली.

वाळूत एक स्टीलचा पेला उभा होता. कुंडीसारखा. त्यात तपकिरी-हिरव्या रुंद पानांचं एक झाड लावलेलं होतं. पेल्याच्या काठाला पोचा होता, आणि पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं. पाण्यातून अक्षरं मोठी दिसत होती.

उषाबाईस, मामाकडून.

धर्मराज परत खुर्चीवर बसला.

तो पेला त्याच्या लग्नातला होता. उषाबाईंच्या मामांनी दिलेल्या अर्ध्या डझनातला. त्याला पोचा आला आणि उषाबाईंनी तो बाहेर, ओट्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. तेव्हा साक्षी लहान होती. तिची शाळा लवकर सुटायची, आईबाप यायला वेळ असायचा. दप्तर पाठीवर घेऊन ती यांच्या दाराशी यायची. "काकू, पाणी."

उषाबाई पाणी द्यायच्या. नाही म्हणायच्या नाहीत. पण पोरगी कोनाड्यातला पेला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहायची, आणि उषाबाई उंबऱ्याच्या आतून, तांब्या उंच धरून, वरून धार सोडायच्या. तांब्या पेल्याला लागू द्यायच्या नाहीत. पोरगी पाणी प्यायची, पेला विसळायची आणि कोनाड्यात पालथा घालून ठेवायची.

"हा तुझाच पेला बरं का. तुझ्यासाठीच ठेवलाय," उषाबाई म्हणायच्या.

पोरीचा चेहरा असा फुलायचा की जणू काही बक्षीस मिळालं.

धर्मराज ओट्यावर बसून हे पाहायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. पुढं मोठी झाल्यावर एके दिवशी ती म्हणाली, "काकू, हा पेला माझाच ना? मग नेऊ घरी?" उषाबाईंना सुटल्यासारखं झालं. "ने गं बाई, ने." पोरगी पेला छातीशी धरून घरी गेली. ती जाताना हसली होती. ते हसणं कसलं, ते धर्मराजाला कधी उमगलं नाही. तिला कळलं होतं का? का खरंच तिला तो मायेनं दिलेला वाटला होता?

ती गेल्यावर तिच्या जलदानाचा विधी होता, त्या दिवशी तो गेला, हात जोडून बसला. जेवायची वेळ आली तशी पोट बिघडल्याचं सांगून उठून आला. संध्या मॅडम "बरं काका" एवढंच म्हणाल्या.

आता तो पेला पाण्यात उभा होता आणि त्यात झाड वाढलं होतं.

घुट... घुट...

त्यानं कुलूप लावलं आणि घरी आला. उषाबाईंना त्यानं काही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मुख्य पाइप फुटला. नळाला पाणी येईना. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा, कधी सकाळी, कधी उन्हात. टँकर दिसला की माणसं हंडे घेऊन पळायची. धर्मराजाचे गुडघे पळण्यातले राहिले नव्हते. मुलगा अंगद पुण्याला, इथं दोघंच म्हातारी. तो लायनीत उभा राहायचा आणि लाइन त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं निघून जायची.

एकदा कोणीतरी ढकललं म्हणून तो चार माणसं पुढं गेला, तर समोरच्या घरातल्या मालनबाईनं त्याची कळशी धरली.

"काय हो, नावाचे धर्मराज, अन् लाइन मोडून राह्यले?"

"न्हाई गं बाई, मला ढकललं..."

"ढकललं तर माघारी या ना. का टँकरवाला तुमचा जावई हाय?"

बायका हसल्या. तो माघारी आला. त्याची पाळी आली तेव्हा नळीतून नुसती हवा फुसफुसत होती.

रिकामी कळशी घेऊन तो घराशी आला. आत उषाबाई माठ तिरपा करून तळातलं पाणी काढत होत्या, ओगराळं माठाला घासल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. कोपरीच्या खिशात किल्ली होती. तो आपल्या दारासमोरून पुढं गेला, इकडं तिकडं पाहिलं, आणि मॅडमचं कुलूप काढलं.

निळ्या ड्रममधून त्यानं कळशी भरली. बैठकीतून जाताना त्यानं पेटीकडे पाहिलं नाही.

"टँकर आल्ता का?" उषाबाईंनी विचारलं.

"आल्ता."

उषाबाईंनी पेलाभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं. पदरानं तोंड पुसलं. "लई गोड हाय हो आजचं पाणी. कुठल्या हिरीचं असंल?"

धर्मराज भिंतीकडे तोंड करून पायतण काढत होता. एवढी वर्षं शेजार, पण त्या घरच्या चहाला हिनं तोंड लावलं नव्हतं. एकादशी, चतुर्थी, सोमवार, काही ना काही उपास सांगायची. आणि तो तरी? त्याचं नेहमी पोट बिघडलेलं असायचं. आता तेच पाणी ती गोड म्हणून पीत होती, आणि त्यानं ते चोरून आणलं होतं. फोन करून मागितलं असतं तर शेजाऱ्यानं दिलं असतं. पण मागायचं म्हणजे सांगावं लागलं असतं की आम्हाला तुमचं पाणी चालतं. आणि इतकी वर्षं चालत नव्हतं, हेही.

एक कळशी नेली, मग दुसरी. चोरीला पहिल्यांदाच काय ते धाडस लागतं. ड्रमचा तळ दिसू लागला. तरी पाइप दुरुस्त झाला नव्हता.

पेटीतलं पाणी खाली उतरलं. लांब पातीच्या गवताची टोकं पाण्याबाहेर राहून कागदासारखी वाळली. धर्मराज शेतकरी माणूस, वाळलेलं पान त्याला पाहवत नव्हतं. शेवटी त्यानं मनाची समजूत घातली की थोडंसं घातल्यानं काय होतंय, आणि गल्लीतल्या बोअरचं बादलीभर पाणी आणून पेटीत ओतलं.

दुसऱ्या दुपारी त्यानं ट्यूब लावली.

पाणी ताकासारखं झालं होतं. पानं काचेसारखी पारदर्शक होऊन देठापासून सुटली होती, तळाला चिखलासारखा लगदा पडला होता. खोलीत कुजका, गोडसर वास होता. हॉस्पिटलात फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याला येतो तसा. एकाही पानावर बुडबुडा नव्हता. फक्त डाव्या कोपऱ्यात, पेल्यातलं झाड तेवढं ताठ उभं होतं.

"पोरी, म्या हे काय केलं..." तो पुटपुटला.

त्यानं बाही वर केली आणि पाण्यात हात घातला. कुजलेली पानं तरी काढावीत. पाणी कोमट होतं. बंद घरातल्या उकाड्यानं तापलेलं. लगदा गोळा करत हात डाव्या कोपऱ्याकडे गेला आणि त्यानं तो झटक्यानं मागं घेतला. तेवढ्या जागचं पाणी गार होतं. नव्या माठातलं असतं तसं, दात ठणकवणारं गार. त्यानं धीर करून पुन्हा हात घातला. बोटांना पेल्याचा काठ लागला, काठावरचा पोचा लागला. अंगठा बरोबर त्या पोच्यात बसला.

घुट...

त्यानं नळीच्या बाटलीकडे पाहिलं. बाटली कोरडी होती. तळाला साखरेची वाळून चिरलेली खपली. कित्येक महिन्यांत तिला कोणी हात लावला नसावा.

घुट... घुट... कोणीतरी घाई न करता, डोळे मिटून, पाणी पीत असल्यासारखा आवाज.

तो दिवा चालू ठेवूनच बाहेर पडला. कुलूप लावलं आणि थेट घरी आला.

त्या संध्याकाळी टँकर आला. मालनबाईनंच हाक मारली, "या दादा, तुमची कळशी द्या इकडं. त्या दिवशी बोलले ते मनावर नका घेऊ, ऊन डोक्यात जातं." तिनं भरूनही दिली. धर्मराजानं माठ काठोकाठ भरला, वर ताटली ठेवली. रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मॅडम येतील तेव्हा काय सांगायचं, हे तो कुशीवर कुशी बदलत मनात घोळवत राहिला.

सकाळी उषाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अवं, माठ का रिकामा?"

"काल तर भरला."

"मंग? कोरडा ठण्ण हाय. तडकला म्हणावं तर खाली वल न्हाई."

त्यानं माठ फिरवून पाहिला. तडा नव्हता. ताटली वर तशीच होती. आतून हात फिरवला, तर माती अशी कोरडी की हाताला फुफाटा लागला.

त्याच्या मनात काही आलं. ते त्यानं मनाच्या तळाशी दाबून टाकलं. पण दुपार झाली तेव्हा तो मॅडमच्या घरी गेला, कारण काल दिवस मावळताना दिवा मालवायचा राहिला होता.

पेटी काठोकाठ भरली होती.

पाणी इतकं नितळ की काच आहे का नाही कळेना. तळाशी लगद्याचा मागमूस नव्हता. आणि झाडांना कोवळी, पोपटी पालवी फुटली होती. एका रात्रीत. कोंभ सगळे डाव्या कोपऱ्याकडे वळलेले. पानांवरून बुडबुड्यांच्या सरी निघत होत्या, पहिल्यापेक्षा दाट, पहिल्यापेक्षा जोरात.

पेला होता तिथंच होता. पण त्यातलं झाड आता पेल्यात नव्हतं, बाजूच्या वाळूत रुजलेलं होतं. रिकामा पेला तोंड वर करून उभा होता. कोणीतरी वरून धार सोडावी म्हणून धरलेला असावा, तसा.

"साक्षी..." धर्मराजानं हळूच हाक मारली. "बाई, मी... मी सांगतो तुझ्या आईला, ती आली की. समदं सांगतो."

आवाज थांबला.

तो इतके दिवस सतत होता, म्हणून त्याचं थांबणं कानावर आदळलं. खोली कान देऊन ऐकत होती. धर्मराज पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी दारापर्यंत आला.

पुढं हेच होत राहिलं. त्यानं माठ भरावा आणि माठ कोरडा व्हावा. पेटी काठोकाठ. उषाबाईंची तहान मात्र वाढत गेली. "कितीबी पिलं तरी घशाखाली उतरल्यावानी वाटंना," त्या म्हणायच्या. ओठांवर पापुद्रे आले होते. डॉक्टरनं उन्हाची गोळी दिली.

मॅडम आणि सर परत आले ते भर दुपारीच. जीपमधून त्यांनी सामान उतरवलं, पाण्याचे जार उतरवले. इथली हालत त्यांना फोनवर कळली होती. धर्मराज किल्ली घेऊन गेला.

मॅडमनी ट्यूब लावली आणि त्या पेटीसमोर उभ्याच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"काका... किती सांभाळलंत हो. तिच्या हातात असताना पण एवढी वाढली नव्हती."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं धर्मराजाला झालं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"मॅडम, म्या काही सांभाळलं न्हाई. तुमच्या ड्रममधलं पाणी म्या चोरून नेलं. घरी नेलं, पिलं. तुमची झाडं म्या बोअरचं पाणी घालून मारली. ही झाली ती कशी झाली, मला ठावं न्हाई."

राजानंद सर जार ठेवून आले. ते मोठ्यानं बोलणारे नव्हते. रुमालानं मान पुसत म्हणाले,

"पाणी नेलं तर नेलं, काका. त्याचं काय एवढं. पण सांगून न्यायचं होतं. आमच्या घरचं पाणी तुम्हाला चालतं, हे कळलं असतं तर बरं वाटलं असतं आम्हाला."

धर्मराजाची मान खाली गेली ती वर येईना.

"अन् तो पेला..." तो खालीच पाहत म्हणाला. "माझ्या घरचा. तो पेटीत दिसला तवाच मला लाज वाटायला पायजे होती."

"कोणता पेला?" मॅडमनी विचारलं.

"तो की. कोपऱ्यातला. झाड लावलेला. पोचा आलेला."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांचा मान पुसणारा हात थांबला.

"काका," मॅडम अगदी हळू बोलल्या, "तो पेला होता तिचा. तुमच्याकडनं आणलेला. तो काकूंनी का दिला ते मला ठाऊक होतं. तिला मी कधी सांगितलं नाही. तिला कळलं का... तेही तिनं मला सांगितलं नाही. हॉस्पिटलात शेवटी पाणी बंद केलं होतं. ती मागायची, माझ्या पेल्यात दे म्हणायची. नंतर... सगळं झाल्यावर, मी त्याच पेल्यानं तिच्या ओठांना पाणी लावलं. आणि तो तिच्यासोबतच मातीत ठेवला. यांनी स्वतःच्या हातानं ठेवला."

"पण म्या बघितला. म्या हात लावला त्याला..."

"भूतबित आम्ही मानत नाही, काका," सर म्हणाले. पण त्यांची नजर पेटीच्या डाव्या कोपऱ्यात होती.

धर्मराजानं मान वर केली. पेला नव्हता. तिथं वाळूत एक गोल खळगा होता, पेल्याच्या बुडाएवढा. वाळूचे कण खळग्याच्या कडेवरून अजून आत घसरत होते. नुकतंच काही उचलून नेलं असावं, तसे.

तो उठला आणि घराकडे निघाला. उन्हानं डोळे दिपले. आपल्या दाराशी त्याला उषाबाई दिसल्या. उंबऱ्यात उभ्या, एका हातात तांब्या, दुसरा हात चौकटीला. तोंड बाहेर ओट्याकडे. त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"सावकाश पी. ठसका लागंल."

ओट्यावर कोणी नव्हतं. पांढरं ऊन, फरशी, आणि फरशीवर उषाबाईंची आखूड सावली.

"उषे," तो ओट्याशी थांबला. "कोणाला... देऊन राह्यली?"

"आले का तुम्ही? अवं, शेजारची पोरगी आली. तहानलेली हाय कवाची. माठ संपला, तरी तिची तहान भागंना."

"पेला... कुठला पेला?"

"कोनाड्यातला. तिचाच की." उषाबाईंनी आवाज खाली केला, त्याच्या कानापुरता. पांढुरक्या डोळ्यांत पाणी साचलं होतं. "आज म्या वरून न्हाई वतलं हो. भरून तिच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. लई गार हायेत बोटं तिची."

धर्मराजानं खाली पाहिलं. ओट्याची फरशी तापून कोरडी होती. माठभर पाणी दिलं म्हणत होती, आणि उंबऱ्याबाहेर एक थेंब नव्हता. कोनाड्याकडे पाहायचं धाडस त्याला झालं नाही. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंच. कोनाडा रिकामा होता. पण तिथून भिंतीवर ओलीचा एक ओघळ उतरला होता, आणि ओघळात एक तपकिरी-हिरवं पान चिकटलेलं होतं.

"उभे काय राह्यले?" उषाबाई म्हणाल्या. "पाणी आणा ना जल्दी. पोरगी थांबलीय."

त्यानं आतली रिकामी कळशी उचलली. मालनबाई समोरच्या दारात धुणं घेऊन उभी होती, आणखी दोघीतिघी होत्या. तो सगळ्यांच्या देखत मॅडमच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"मॅडम, थोडं पाणी द्या. आम्हाला प्यायला पाणी द्या."

"थांबा काका, आणते," आतून आवाज आला.

तो कळशी पुढं धरून उभा राहिला. पाठीमागं त्याच्या स्वतःच्या ओट्यावर उषाबाई काहीतरी विचारत होत्या. गल्ली शांत होती म्हणून शब्द नीट ऐकू आले.

"का गं बाई... तुला तवाच कळलं होतं का? राग न्हाई ना धरला?"

धर्मराज वळला नाही. श्वास धरून तो उत्तराची वाट पाहत राहिला.

उन्हात, त्याच्या पाठीमागं, आवाज आला.

घुट... घुट... घुट...